आमचा पेन्शनचा पैसा नेमका ठेवते कोण आणि लावते कुठं? (एनपीएस, जि.प. शिक्षक)

कापूसपट्टी_मास्तर:

नमस्कार मंडळी. मी समुद्रपूर तालुक्यात जि.प. शाळेवर आहे. २००९ ला शिक्षणसेवक म्हणून लागलो, तीन वर्षं मानधनावर काढली, २०१२ पासून वेतनश्रेणी. म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरचा माणूस, जुनी पेन्शन नाही, आधी डीसीपीएस (राज्याची अंशदायी पेन्शन योजना) आणि मग एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना). खरं सांगतो, इतकी वर्षं त्या पेन्शन खात्याच्या प्राण नंबरच्या वाट्याले गेलोच नव्हतो, पगारपत्रकात कपात दिसते तर जमा होतच असेल असं धरून चाललो. मागच्या हप्त्यात आमच्या शाळाकेंद्राच्या मिटिंगले एक सर म्हणाले की तुमचा सगळा पैसा शेअर मार्केटात लावलाय, बाजार पडला की तुम्ही पण पडले. झालं, रातभर झोप नाही. सकाळी पोरीले म्हटलं उघडून दे बाई ते, तिनं पासवर्ड रिसेट करून उघडून दिलं तर मागच्या महिन्यापेक्षा अकरा हजारानं रक्कम कमी! कपात तर सुरूच आहे मग कमी कशी झाली?

तर माझे प्रश्न असे की हा पैसा कुठं लावायचा ते ठरवते कोण, शेअरमध्ये किती जाते, मले बदलता येते का, आणि ते अकरा हजार गेले कोणाच्या खिशात. आमच्या गावची पतसंस्था बुडाली तेव्हा वडलांचे चाळीस हजार गेले होते, म्हणून जास्त धाक आहे. बाकी एकूण साडेअठरा लाख दिसून राहिले, माझ्या अंदाजानं पंचवीसच्या वर पाहिजे होते, पण मले गणित शिकवता येते, करता येत नाही असं बायको म्हणते, तर ते सोडा.

मोर्चावाला_भौ:

एकच मिशन जुनी पेन्शन. बाकी सब झूठ. २०२३ च्या मार्चमध्ये १४ तारखेपासून सात दिवस संपावर बसलो ते काय उगाच काय?

आर्वीकर_कृषीसहायक:

सर, पहिले एक दूध पिऊन घ्या आणि शांत व्हा. सगळा पैसा शेअरमध्ये हे साफ खोटं आहे. सरकारी कर्मचाऱ्यांची जी डिफॉल्ट स्कीम आहे तिच्यात शेअरले वर्षानुवर्षं १५ टक्क्यांची हद्द राहिली, म्हणजे शंभरातले जास्तीत जास्त पंधरा रुपये, तेही मोठमोठ्या कंपन्यांत. बाकीचा बहुतेक पैसा सरकारी रोखे आणि चांगलं रेटिंग असलेल्या कंपन्यांचे रोखे यात. सरकारी रोखे म्हणजे केंद्राचे आणि राज्यांचे सुद्धा. राज्य सरकार कर्ज काढते ना, त्याचे रोखे हेच पेन्शन फंड घेतात. म्हणजे आपल्या पगारातून कापलेला पैसा फिरून सरकारलेच उसना जाते आणि त्याचं व्याज आपल्या खात्यात येते. मले तर हे कळलं तेव्हा हसूच आलं.

लावते कोण, तर तीन कंपन्या: एसबीआय, एलआयसी आणि यूटीआय यांच्या पेन्शन फंड कंपन्या. तुमची कपात या तिघांत वाटल्या जाते, एकाच्याच हाती देत नाहीत. त्यांच्यावर पीएफआरडीए, म्हणजे पेन्शन फंडांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, बसलेली आहे, २०१३ चा कायदा आहे तिचा, कशात किती टक्के लावायचे ते ती ठरवते, मॅनेजर आपल्या मनानं काही करू शकत नाही. आणि यांची फी पाहाल तर शंभर रुपयामागे वर्षाले दहा पैसेही नाही. म्युच्युअल फंडवाला दीड-दोन रुपये घेते काही स्कीममध्ये. सुरुवातीपासूनचा परतावा या सरकारी स्कीमचा वर्षाले साधारण नऊ टक्क्यांच्या आसपास आहे, जीपीएफवाल्यांले (सरकारी भविष्य निर्वाह निधीवाल्यांले) २०२० पासून ७.१ भेटून राहिला.

आता तुमचे अकरा हजार. हे कोणाच्या खिशात गेले नाही सर. साडेअठरा लाखावर अकरा हजार म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या जरासं वर. आणि त्यातही सगळा दोष शेअरचा नसेल, रोख्यांचा भाव बी पडते. हे लोकांले पटत नाही म्हणून सांगतो. समजा फंडाजवळ ७ टक्के व्याजाचा तीस वर्षांचा सरकारी रोखा आहे. उद्या बाजारात ८ टक्क्याचा नवा आला तर तुमच्या ७ वाल्याले पूर्ण भाव कोण देईल? सोयाबीनचं तसंच आहे, घरात पोते तेवढेच पण आज मार्केटचा दर उतरला तर घरच्या मालाची किंमत आजच्या दिवशी कमी धरावी लागते, पोतं काही चोरीले गेलं नाही. एनपीएसमध्ये रोज संध्याकाळी असा भाव लावतात, त्याले एनएव्ही म्हणतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांले उसना पैसा देते तो व्याजदर, ४ वरून साडेसहावर नेला तेव्हा सगळे असेच ओरडले होते की सरकारी रोख्यात पैसा असून कमी कसा झाला. तुमच्या खात्यात रुपये नसतात, युनिट म्हणजे फंडातले वाटे असतात. युनिट मोजा, ते कमी झाले का? नाही झाले. मग झोपा.

कापूसपट्टी_मास्तर:

पोत्याचं उदाहरण एकदम बसलं भाऊ. पण सोयाबीन तर मी घरात ठेवतो, हे यांच्या घरात आहे. यांची कंपनीच बुडाली तर?

आर्वीकर_कृषीसहायक:

पतसंस्थेत पैसा संस्थेच्या पोटात असते, म्हणून ती गेली की पैसा गेला. इथं रोखे आणि शेअर एनपीएस ट्रस्टच्या, म्हणजे आपल्या वतीनं ते धरून ठेवणाऱ्या वेगळ्या संस्थेच्या, नावानं असतात, फंड कंपनी फक्त खरेदी-विक्री करणारी. गड्यानं काम सोडलं तर वावर थोडीच घेऊन जाते तो. दुसरा गडी लावतात.

हां, एक कबूल करतो. ज्या कंपनीले रोख्यातून पैसा दिला ती बुडाली तर तेवढा फटका बसते. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस बुडाली, तिला बुडायच्या अगदी थोडे दिवस आधीपर्यंत एकदम वरचं ट्रिपल ए रेटिंग होतं आणि तिचे रोखे पेन्शन फंडांजवळ बी होते. एवढ्या मोठ्या फंडात तो फटका माणसागणिक बारीक पडला, पण पडला. रेटिंग म्हणजे काही देवाचा कौल नाही.

निवृत्त_कोषागारवाला:

मास्तर, मी पूर्ण वाचलं आणि मले तुमच्या अकरा हजाराची काही चिंता वाटली नाही, पण शेवटच्या ओळीची वाटली. "ते सोडा" म्हणता ती. साडेअठरा काहून, पंचवीस काहून नाही? सगळे शेअर बाजारावर बोलून राहिले आणि हे कोणी विचारलंच नाही.

मी एकतीस वर्षं कोषागारात काढली. तुमची कपात झाली म्हणजे खात्यात गेली असं नसते, मधात लय स्टेशनं आहेत. पगार बिलात कपात होते, मग आपल्या कार्यालयातून प्रत्येकाची प्राण नंबरनिशी रक्कम टाकलेली एक फाईल सीआरएवर चढवावी लागते, सीआरए म्हणजे सगळ्यांच्या नोंदी ठेवणारी एजन्सी, पहिले एनएसडीएल होती आता प्रोटीन नाव झालं. त्या फाईलचा नंबर निघते आणि तेवढीच रक्कम, पैशाले पैसा जुळवून, ट्रस्टी बँकेत म्हणजे अॅक्सिसमध्ये पाठवावी लागते. फाईल आणि रक्कम जुळली तरच पुढं तीन फंडांकडे जाते आणि त्या दिवशीच्या एनएव्हीनं तुमच्या नावे युनिट पडतात. एकाचा प्राण नंबर चुकला की त्याची रक्कम अडली, बिलात पाच रुपयाचा फरक पडला की अख्खी फाईल थांबली. आता यात एखादा बाबू बदलून गेला, नवीन आलेल्याले लॉगिनच नाही भेटलं, की दोन-चार महिने सहज गेले. मी डोळ्यानं पाहिलं आहे आणि सांगायले लाज वाटते, एकदा माझ्याच टेबलावर चार महिने पडलं होतं.

कापूस जिनिंगवर नेला, काटा झाला, पण काटापट्टीच हातात घेतली नाही अशी गत आहे तुमची. तेरा वर्षं झाली. जिनिंगवाला चोर आहे का हे पाहाच्या अगोदर काटापट्टी पाहा.

तुमचं आणखी एक असं की सुरुवातीचे काही वर्षं डीसीपीएसमध्ये होते. तो पैसा तेव्हा बाजारात नव्हताच, राज्याजवळच होता, त्याच्यावर जीपीएफसारखं व्याज. नंतर तो सगळा जुना पैसा, तुमचा हिस्सा अधिक सरकारचा हिस्सा अधिक व्याज, एनपीएसमध्ये वळता कराचा होता. तो वळता झाला का हे स्टेटमेंटमध्ये एकरकमी मोठ्या एन्ट्रीच्या रूपानं दिसलं पाहिजे. जि.प. वाल्यांचे इथंच घोळ झाले. तुमच्या साडेसहा लाखाचा फरक बाजारानं नाही खाल्ला, पैज लावतो.

मोर्चावाला_भौ:

काका तुम्ही स्वतः जुनी पेन्शन घेऊन राहिले आणि आमाले काटापट्टी शिकवता. तुमचा फंड कोणी सांभाळते ते सांगा ना.

निवृत्त_कोषागारवाला:

कोणीच नाही सांभाळत, कारण फंडच नाही. हे लोकांले माहीत नसते. जुन्या पेन्शनमध्ये पगारातून पेन्शनसाठी एक पैसा कापत नव्हते आणि सरकार बी बाजूले काही ठेवत नव्हतं. माझी पेन्शन या वर्षी जो कर गोळा होते त्यातूनच येते, बजेटमधून. मी कामाले होतो तेव्हा माझ्या कराच्या पैशातून माझ्या आधीच्यांची गेली. जोवर सरकारची तिजोरी भरली आहे तोवर ठणठणीत, आणि मले महागाई भत्ता वाढला की पेन्शन बी वाढते, मी काहून नाही म्हणू. पण तुमच्या पैशाचा हिशोब लागू शकते, माझा लागूच शकत नाही, कारण माझ्या नावानं कुठं काही जमाच नाही.

म्हणूनच राजस्थान, छत्तीसगडनं जुनी पेन्शन परत आणतो म्हटलं आणि दिल्लीले म्हणाले आमच्या कर्मचाऱ्यांचा एनपीएसचा पैसा वापस करा, तर पीएफआरडीए म्हणाली कायद्यात तशी सोयच नाही, तो पैसा कर्मचाऱ्याच्या नावाचा आहे, राज्याचा नाही. याच्यात दोन्ही बाजू आल्या पाहा भौ.

मोर्चावाला_भौ:

बरं तेवढं मान्य. पण जोखीम आमच्या बोकांडी काहून? बाजार चढला तर सरकार म्हणते पाहा कशी चांगली योजना, पडला तर म्हणते करार वाचला नाही का.

आर्वीकर_कृषीसहायक:

हा प्रश्न बरोबर आहे भाऊ, याले माझ्याजवळ उत्तर नाही. जोखीम कोणाच्या डोक्यावर हाच खरा फरक आहे, शेअर किती टक्के हा नाही.

पुसदचा_पोरगा:

मी कर्मचारी नाही, माझे बाबा होते, शिपाई. उशिरा लागले होते, चौदाच वर्षं नोकरी झाली आणि रिटायर झाले. जमा झाले बारा लाखाच्या आसपास. बाबा म्हणे बारा लाख भेटणार म्हणून बहिणीच्या लग्नाचं आणि घराच्या स्लॅबचं सगळं ठरवून बसले. तर साठ टक्के हातात आणि चाळीस टक्क्याची अॅन्युइटी घ्यावीच लागली, म्हणजे तेवढे पैसे विमा कंपनीले देऊन तिच्याकडून महिन्याची ठराविक पेन्शन. चार लाख ऐंशी हजार त्यात गेले आणि त्याची पेन्शन किती बसली? महिन्याले सव्वीसशे. आणि ते सव्वीसशे मरेपर्यंत सव्वीसशेच, महागाई भत्ता नाही काही नाही. चौदा वर्षं फंडानं नऊ टक्के देला असेल हो, पण शेवटच्या दिवशी तोच पैसा साडेसहा टक्क्याच्या दारात नेऊन उभा केला.

म्हणून मास्तरले म्हणतो की फंड मॅनेजर काय करते हे पाहा पण रिटायर होतानाची ही पायरी आताच समजून घ्या. बाबांले फॉर्मवर कोणता पर्याय टिक कराचा हे बी कोणी सांगतलं नव्हतं. कोणत्या पर्यायात मूळ रक्कम वारसाले परत येते, कोणत्यात येत नाही, पेन्शन किती कमी-जास्त होते, सगळं त्या एका टिकवर. आम्ही मूळ रक्कम परत येणारा घेतला, तेवढं तरी बरं केलं.

भंडाऱ्याची_सिस्टर:

पुसदच्या भाऊंचं वाचून पोटात कालवलं. मी आरोग्यसेविका आहे, उपकेंद्रावर.

मास्तर सर, कोषागारवाले काका म्हणतात तेच माझ्यासोबत झालं म्हणून लिहिते. माझ्या स्टेटमेंटमध्ये अख्खं एक वर्ष नव्हतं. एक महिना नाही, पूर्ण बारा महिने. मी कार्यालयात गेली तर म्हणे मॅडम सगळ्यांचं असंच आहे. हे काय उत्तर झालं? मग मी त्या वर्षाच्या सगळ्या पगारपत्रकांच्या झेरॉक्स काढल्या, स्टेटमेंटची प्रिंट काढली, दोन्ही समोरासमोर ठेवून महिन्यानं महिना तक्ता केला, गहाळ महिन्यांसमोर लाल पेन, आणि अर्ज आवक-जावकमध्ये देऊन पोच घेतली. पोच नक्की घ्या सर. पोचशिवाय तुम्ही तिथं कधी गेलेच नव्हते. तीन चकरा झाल्या, मग माहितीच्या अधिकारात विचारलं की या बारा महिन्यांची कपातीची रक्कम सध्या कोणत्या खात्यात आहे. एवढा एकच प्रश्न. दीड महिन्यात पैसे चढले, आणि माझ्यासोबत तालुक्यातल्या आणखी बऱ्याच जणींचे चढले ज्यांनी अर्जही केला नव्हता, त्यांनी पेढे काही दिले नाही.

पण दोन वर्षं उशिरा चढले ना. तेव्हा माझं मूळ आणि डीए मिळून तीस हजार होतं, माझे तीन आणि सरकारचे तीन असे महिन्याला सहा, वर्षाचे बहात्तर हजार. नऊ टक्क्यानं दोन वर्षं धरा, साडेतेरा हजार तिथंच गेले. भाच्यानं मोबाइलवर पुढचं करून दाखवलं, हेच साडेतेरा हजार आणखी वीस वर्षं राहिले असते तर पाऊण लाख झाले असते. शेअर बाजारानं माझं एवढं नुकसान कधी केलं नाही जेवढं एका न चढलेल्या फाईलनं केलं.

आणि हो, सरकारचा हिस्सा १० वरून १४ टक्के झाला तोसुद्धा तपासा. १४ चा हिशोब लागला की नाही, की दहावरच चालू आहे.

निवृत्त_कोषागारवाला:

शाब्बास सिस्टर. आमच्या काळात तुमच्यासारखी एक आली असती तर माझ्या टेबलावरचे ते चार महिने चार दिवसांत निघाले असते.

आर्वीकर_कृषीसहायक:

मास्तर, बदलाचं राहिलंच. केंद्र सरकारवाल्यांना १ एप्रिल २०१९ पासून फंड मॅनेजर आणि स्कीम निवडाची मुभा आहे, पूर्ण सरकारी रोख्यातली घ्या नाहीतर जास्त शेअरवाली घ्या. राज्यवाल्याचं मात्र राज्य सरकारच्या हाती असते. माझं वैयक्तिक मत विचाराल तर घाबरून पूर्ण सरकारी रोख्यात जाण्यात अर्थ नाही, तुमची नोकरी अजून बरीच बाकी आहे. २३ मार्च २०२० ले बाजार एका दिवसात तेरा टक्के पडला होता, पंधरा टक्के शेअर असलेल्या खात्याले त्याचा झटका जेमतेम दोन टक्क्यांचा. तो भरून निघाला.

मोर्चावाला_भौ:

आणि ती नवी हमीवाली? ५० टक्केवाली. तिचं काही सांगा, लोकांमध्ये लय गोंधळ आहे.

आर्वीकर_कृषीसहायक:

केंद्र सरकारची यूपीएस, म्हणजे एकीकृत पेन्शन योजना, १ एप्रिल २०२५ पासून. पंचवीस वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या मूळ पगाराच्या सरासरीचे ५० टक्के, कमीत कमी दहा वर्षं झाली तर निदान दहा हजार, आणि त्यावर महागाई. फंडाच्या बाजूनं गंमत अशी की सरकारचा हिस्सा साडेअठरा टक्के, त्यातले दहा तुमच्या नावच्या खात्यात आणि साडेआठ एका सामाईक पुंजीत. हमी पुरी कराले तुमचा पैसा कमी पडला तर त्या पुंजीतून. म्हणजे पैसा बाजारात लागतेच, फक्त कमी पडल्यावर पाहाचं कोणी हे बदललं. आपल्या राज्यानं १ मार्च २०२४ ले विधानसभेत ५० टक्के हमीवाल्या सुधारित योजनेची घोषणा केली. आणि पुसदच्या भाऊंच्या बाबांसारखी चौदा वर्षांची सेवा असली तर पन्नास टक्के पूर्ण भेटत नाही, सेवेच्या प्रमाणात भेटते, हे लोक सोयीनं विसरतात. पर्याय भरायच्या आधी आपली सेवा किती होणार हे बोटावर मोजा, मग सही करा. दुसऱ्यानं केली म्हणून नाही.

भंडाऱ्याची_सिस्टर:

आणि नॉमिनी पाहा सर सगळ्यांनी. आमच्या इथं एकीचा नॉमिनी लग्नाच्या आधीचाच होता, वडील, ते जाऊन पाच वर्षं झाली. आता ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयानं सेवेत असताना कर्मचारी गेला तर एनपीएसवाल्यांच्या कुटुंबालाही निवृत्तिवेतनाची सोय झाली, पण कागदच धड नसेल तर घरच्यांनी कुठं कुठं फिरायचं.

कापूसपट्टी_मास्तर:

मंडळी, काल रातच्या दीड वाजेपर्यंत बसलो. पोरीनं सगळं स्टेटमेंट डाउनलोड केलं, मी जुन्या पेटीतून पगारपत्रकं काढली, काही उंदरानं खाल्ली पण बरीच आहेत. सिस्टरनं सांगतला तसा लाल पेनाचा तक्ता केला.

२०१२ ते २०१५ ची जुनी डीसीपीएसची एकरकमी एन्ट्री नाहीच. कुठंच नाही. त्याच्यानंतरचे बी सात महिने कोरे. युनिट मात्र एकही कमी झालेलं नाही, आर्वीचे भाऊ बरोबर होते. कोषागारवाले काका पैज जिंकले, चहा माझ्याकडून. बायको म्हणे पाहा तुमचा पंचवीसचा अंदाज बरोबर निघाला, पहिल्यांदा.

केंद्राच्या मिटिंगवाल्या सरले फोन केला, म्हटलं तुमचं स्टेटमेंट उघडलं का कधी? म्हणे माझा पासवर्ड कुठं गेला माहीत नाही. उद्या त्यांचा बी तक्ता करून देतो, दोघांचा अर्ज सोबतच नेतो.

सोमवारी जातो म्हटलं तर तान्ह्या पोळ्याची लोकल सुट्टी आहे, मंगळवारी जातो. काका, अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं लिहू का सरळ जि.प. च्या वित्त विभागाले?

निवृत्त_कोषागारवाला:

गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं, प्रत वित्त विभागाले. दोन्हीकडची पोच. उंदरानं खाल्लेल्या महिन्यांसाठी शाळेतलं पगारबिल रजिस्टर पाहा, तिथं असते.